सहा वर्षं वापरलेला केव्ह डायव्हिंगचा कॅनिस्टर लाइट: पैसे कुठे जातात आणि काय सांभाळावं लागतं

केव्ह डायव्हिंग म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये डायव्हिंग, आणि त्यासाठी घेतलेल्या माझ्या कॅनिस्टर लाइटला आता सहा वर्षं झाली. घेताना जेवढे रिव्ह्यू वाचले होते ते सगळे पहिल्या आठवड्यातले होते, बॉक्स उघडला, पाण्यात नेला, उजेड मस्त पडतो, झालं. सहा वर्षांनी त्याचं काय होतं, बॅटरी कधी बसते, कुठला पार्ट आधी जातो, दुरुस्तीत किती पैसे जातात हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण बहुतेक कॅनिस्टर लाइटची रचना एकसारखीच असते, कंबरेला बॅटरीचा डबा, त्यातून निघालेली कॉर्ड, आणि पंजावर बसणाऱ्या गुडमन हँडलवर उजेड देणारं छोटंसं हेड. त्यामुळे माझा अनुभव बऱ्याच जणांच्या लाइटला लागू पडेल.

आधी एवढं लक्षात घ्या की गुहेत लाइट ही असला तर बरा अशातली वस्तू नाही. समुद्रात रात्री टॉर्च गेला तर वर येता येतं, गुहेत डोक्यावर दगड असतो. आणि अंधार म्हणजे कसला, डोळ्यापुढे स्वतःचा हात धरला तरी दिसत नाही. शेक एक्सली नावाच्या अमेरिकन केव्ह डायव्हरने १९७० च्या दशकात गुहांमधले अपघात एकेक करून तपासले, बाहेरपर्यंत अखंड दोरी, श्वासाच्या गॅसचा तिसरा हिस्सा आत जायला, खोलीची मर्यादा, अशा नियमांची सुरुवात तिथून झाली आणि पुढे त्यात ट्रेनिंग आणि लाइटची भर पडली. प्रत्येकाकडे कमीत कमी तीन लाइट, एक प्रायमरी, म्हणजे हा कॅनिस्टर, आणि दोन छोटे बॅकअप. टीममधल्या कुणाचाही एक लाइट गेला की डाइव्ह तिथेच संपली, सगळ्यांनी मागे फिरायचं, दोन शिल्लक आहेत ना मग जरा पुढे जाऊ हा विचारच करायचा नाही. फ्लोरिडात जिनी स्प्रिंग्जच्या डेव्हिल्स स्प्रिंगमध्ये तर ज्यांचं गुहेचं ट्रेनिंग नाही त्यांना लाइट घेऊन पाण्यात उतरूच देत नाहीत. हातात उजेड असला की माणूस जरा आत डोकावतो, मग अजून जरा आत जातो. मला हा नियम फार आवडतो, लाइटची ताकद काय आहे ते त्यावरून कळतं.

आता पैशाचं. मी घेतला तेव्हा एका प्रायमरीच्या किमतीत चांगल्या कंपनीचे पाच-सहा बॅकअप आले असते. पहिल्यांदा किंमत बघून मलाही वाटलं होतं की एका एलईडीला एवढे पैसे कशाला, पण एलईडी हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. पैसे जातात ते सेलमध्ये, डब्याच्या मशीनिंगमध्ये, पाण्यातसुद्धा काढता-लावता येणाऱ्या कनेक्टरमध्ये, आणि हे लाइट थोड्याच संख्येने बनतात, एकेक डबा प्रेशर टेस्ट करून बाहेर पडतो, त्याचेही पैसे असतात. दर १० मीटरला साधारण एक बार प्रेशर वाढतं, म्हणजे ३० मीटरवर डब्याच्या झाकणाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळपास ३ किलोचा दाब, आणि तो सगळा अडवायला एक-दोन रबरी रिंगा, म्हणजे ओ-रिंग.

लाइट घेताना खरी किंमत काढायची असेल तर लेबलवरचा आकडा सोडा आणि विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. बॅटरी पॅक एकटा बदलून मिळतो का आणि कितीला, ओ-रिंगचे साइज मॅन्युअलमध्ये दिलेत का, आणि कॉर्ड खराब झाली तर फक्त कॉर्ड बदलता येते की अख्खं हेड घ्यावं लागतं. मला नवीन पॅकला लाइटच्या मूळ किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्तच पडले, पाचव्या वर्षी. कॉर्ड आणि ग्लँड (कॉर्ड आत शिरते तिथलं सील) बदलायला त्याच्या निम्म्याहून कमी. ओ-रिंग, ग्रीस वगैरेचे तर मोजण्याइतके पैसेही झाले नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकाने माझ्या निम्म्या किमतीत सीलबंद लाइट घेतला होता, ज्याची बॅटरी उघडताच येत नाही, चौथ्या वर्षी बॅटरी बसली आणि लाइट टाकून द्यावा लागला, परत नवीन घेतला. हिशेब केला तर त्याचेही पैसे जवळपास माझ्या लाइटच्या मूळ किमतीएवढे झाले, आणि माझ्या हातात अजून चालणारा आणि दुरुस्त होणारा लाइट आहे.

लुमेनच्या मागे तर अजिबात लागू नका. लुमेन म्हणजे एकूण उजेड किती, तो कुठे पडतो हे त्यातून कळत नाही. गुहेत लाइट बघायला लागतो तसा बोलायलाही लागतो, भिंतीवर गोल फिरवला की ओके, हळू आडवा हलवला की इकडे बघ, जोरजोरात आडवा हलवला की इमर्जन्सी. त्यासाठी बीम अरुंद आणि मधोमध घट्ट ठिपका असलेला हवा, ६ ते ८ अंशाचा, म्हणजे पुढच्या माणसाला न वळताही तुमचा ठिपका दिसतो. पसरट बीमचा जास्त लुमेनवाला व्हिडिओ लाइट गाळ उठलेल्या पाण्यात लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, धुक्यात गाडीचा हाय बीम लावल्यासारखं. माझा २१ वॉटचा आहे, त्याच्यापेक्षा दुप्पट लुमेनचे दावे करणारे स्वस्तातले लाइट बघितलेत, माझ्या बीमसमोर त्यांचा ठिपका शोधावा लागतो.

स्वस्त लाइटबद्दल आणखी एक, सेलवरचा आकडा वाचा. १८६५० हा सेल म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, त्यात चांगल्यात चांगल्या कंपनीच्या सेलची क्षमतासुद्धा ३५०० एमएएचच्या आसपासच असते. ज्याच्यावर ९९०० लिहिलंय तो खोटा आहे, त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही. वजन करून बघा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो, खोटा पुष्कळदा हलका निघतो. घरी टेबलावर अशा टॉर्चचा उजेड छान पडतो, दहा मिनिटं छानच पडणार, प्रश्न ऐंशीव्या मिनिटाचा आहे.

आता सांभाळण्याचं, आणि यात सगळ्यात आधी ओ-रिंग. तिसऱ्या वर्षी माझा लाइट पाण्यात गेला, म्हणजे आत पाणी गेलं. आदल्या रात्री चार्ज करून घाईत झाकण लावलं होतं. उतरलो, चार-पाच मीटरवर बबल चेक केला, म्हणजे कुठून बुडबुडे सुटतायत का ते बघितलं, काही दिसलं नाही, आत गेलो, आणि साधारण वीस मिनिटांनी ठिपका थरथरला, मग पिवळट झाला, मग गेला. बॅकअप लावला, बडीला, म्हणजे जोडीदाराला, सिग्नल दिला, आणि दोरीवर हात ठेवून सगळे बाहेर आलो, कुणालाही काही झालं नाही, ट्रेनिंगमध्ये हेच शंभर वेळा केलेलं असतं. बाहेर येऊन डबा उघडला तर तळाला दोन चमचे पाणी आणि ओ-रिंगवर आडवा पडलेला एक केस. एकच. ग्रीसमध्ये चिकटून बसलेला, बोटावर घेतला तेव्हाच दिसला. त्याच्या दोन्ही बाजूंना रबर बसलं होतं पण केसाला चिकटून बारीकसा पन्हाळ तयार झाला होता, त्यातून थेंब थेंब आत गेलं.

गळती खूप खोल गेल्यावरच होते असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट खोलीवर दाबाने रिंग खाचेत घट्ट दाबली जाते, उथळ पाण्यात ती सैल असते, त्यामुळे गळतीची सुरुवात पुष्कळदा पहिल्या काही मीटरमध्येच होते. म्हणून उतरल्याबरोबर उथळात थांबून सगळे लाइट बघायचे, लेन्सच्या आत धुकं आहे का, डब्यातून बुडबुडे येतायत का, आणि घाई करायची नाही, माझं तिथेच चुकलं होतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. डबा बाहेरून पूर्ण कोरडा केल्याशिवाय उघडायचा नाही, झाकणाच्या कडेला पाणी साठलेलं असतं आणि उघडताना तेच आत पडतं. रिंग काढताना टोकदार धातूचं काही वापरायचं नाही, दोन्ही बाजूंनी बोटांनी ढकलली की तिचा फुगा येतो, तिथून उचलायची, नाहीच निघाली तर प्लास्टिक कार्डाची कड. खाचेत एक ओरखडा पडला तर रिंग कितीही नवीन लावा, गळणारच. मग रिंग दोन बोटांमधून हळूच फिरवायची, डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं, वाळूचा कण, चीर, चपटी झालेली जागा, सगळं लागतं हाताला. खाच धागे न सुटणाऱ्या कपड्याने पुसायची. ग्रीस किती, तर रिंग ओलसर चमकली पाहिजे, पांढरे गोळे दिसले तर जास्त झालं, ग्रीसने सील होत नाही, सील रबराने होतं, ग्रीस फक्त रबर सरकायला मदत करतं आणि जास्त लावलं की कचरा धरून ठेवतं. बहुतेक लाइटला नायट्राइल रबराच्या रिंग असतात, त्यांना सिलिकॉन ग्रीस चालतं. पण रिंगच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस लावू नका, ती फुगते. आणि पेट्रोलियम जेली कुठल्याच डाइव्ह लाइटला नको. मी वर्षातून एकदा सगळ्या रिंग बदलतो, चांगल्या दिसत असल्या तरी.

पाणी गेलेल्या लिथियम पॅकचं काय करायचं हेही सांगतो कारण तिथे खरा धोका आहे. आत पाणी आणि करंट एकत्र आले की गॅस तयार होतो आणि बंद डब्यात दाब वाढतो, त्यामुळे झाकण तोंडाच्या दिशेने धरून कधीच उघडू नका, मोकळ्यावर नेऊन, झाकण स्वतःपासून आणि इतरांपासून दुसरीकडे करून, क्लिप एकेक सैल करत उघडा. आणि पॅक वाळवून परत चार्जला लावायचा मोह टाळा. माझा पॅक मल्टीमीटरवर व्होल्टेज बरोबर दाखवत होता तरी मी तो वापरला नाही, सर्किटवर हिरवट थर दिसायला लागला होता. लिथियमची आग विझवणं सोपं नसतं, पॅकचे पैसे गेले ते गेले.

(त्यामुळे माझा पहिला पॅक तिसऱ्या वर्षीच बदलला गेला, कंपनीने जुन्या साठ्यातला कमी किमतीत दिला होता. वर जो पाचव्या वर्षीचा म्हटलाय तो त्यानंतरचा.)

बॅटरीचं आयुष्य बाकी तुमच्या हातात आहे. लिथियम आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि तसाच भरून उन्हात तापलेल्या गाडीत किंवा माळ्यावर महिनोन्‌महिने ठेवला की तो मरायला लागतो. डाइव्ह नसेल तेव्हा दर सेलमागे ३.७ ते ३.८ व्होल्टवर, म्हणजे जेमतेम अर्धा भरलेला, थंड जागी ठेवायचा आणि आदल्या दिवशी फुल करायचा. अगदी रिकामा करूनही ठेवायचा नाही. चार्ज करताना झाकण उघडं, आगीपासून लांब, आणि नजरेसमोर. चार्जर कंपनीचाच, पिन बसली म्हणून दुसरा लावू नका.

बर्न टेस्ट करा, म्हणजे फुल चार्जवर लाइट किती वेळ चालतो ते मोजा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि फार थोडे लोक करतात. बादलीत पाणी घ्या, हेड पाण्यात बुडलेलं राहील असं ठेवा कारण बहुतेक हेड पाण्यानेच थंड होतात, हवेत फुल पॉवरवर तासन्‌तास चालवलं तर एलईडी तापतो. लाइट लावा आणि घड्याळ लावा. माझा पॅक १०८ वॉट-अवरचा आणि लाइट २१ वॉटचा, म्हणजे हिशेबाने पाच तासांच्या वर थोडं. नवा असताना ५ तास ५ मिनिटं चालला, मी वहीत लिहून ठेवलं. दर सहा महिन्यांनी तेच करतो. आकडा साडेतीन तासांच्या खाली आला की पॅक बदलायचा हे मी आधीच ठरवून ठेवलंय, नाहीतर दर वेळी आपण स्वतःला समजावतो की अजून एक सीझन निघेल. आणखी एक, लिथियम पॅक हळूहळू मंद होत नाही, सर्किट कट करतं आणि एका क्षणात काळोख. तुमचा लाइट आधी इशारा देतो का, किती मिनिटं आधी देतो, हे बादलीत बघून घ्या.

विमानाने जाणार असाल तर पॅक घेण्याआधीच वॉट-अवर बघा. १०० पर्यंतची सुटी लिथियम बॅटरी केबिन बॅगेत परवानगीशिवाय चालते, १०० ते १६० मध्ये एअरलाइनची परवानगी लागते आणि अशा सुट्या फक्त दोन नेता येतात, १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. चेक-इन बॅगेत सुटी बॅटरी टाकायची नाही. माझ्या १०८ मुळे मला दर वेळी आधी मेल करावा लागतो, परत घ्यायचा झाला तर १०० च्या आतला घेईन, तासभर कमी चालला तरी चालेल. आणि प्रवासात डब्यातून पॅक वेगळा करून ठेवा, स्विच बॅगेत दाबला गेला तर हेड कपड्यांमध्ये तापत राहतं.

बॅकअपबद्दल थोडं. ते हार्नेसवर, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांवर, लटकलेले असतात आणि आपण त्यांना विसरतो. हेड पिळून चालू होणारे बॅकअप असतील तर बंद करताना एक पूर्ण पिळा जास्त सैल करा, कारण खाली दाबाने हेड आत ढकललं जातं आणि लाइट आपोआप लागतो, वर येईपर्यंत अर्धी बॅटरी संपलेली. पण इतकाही सैल नको की रिंग उघडी पडेल. अल्कलाइन सेल वापरत असाल तर ट्रिप संपली की काढून ठेवा, आत राहिले की गळतात आणि स्प्रिंगवर पांढरा भुगा जमतो. बॅकअपमध्ये मला अल्कलाइन अजूनही आवडतात, ते मंद होत होत जातात, एकदम सोडून जात नाहीत.

सर्व्हिसचा अनुभव मात्र कडू आहे. चौथ्या वर्षी कॉर्ड हेडपाशी वाकून वाकून तडकायला लागली होती म्हणून एका दुरुस्तीवाल्यांकडे पाठवला. सात आठवडे लागले, बिलात ‘पूर्ण सर्व्हिस, सर्व सील नवीन’ असं लिहिलं होतं आणि त्याचे वेगळे पैसे लावले होते. मी घरी उघडून बघितलं तर झाकणाची रिंग माझीच, जुनीच, मी तिच्यावर पडलेला बारीक चपटा भाग ओळखत होतो. फोन केला तर आधी म्हणाले बदलली आहे, फोटो पाठवल्यावर म्हणाले ती बदलायची गरज नव्हती. पैसे परत केले, पण मला पैशांचं नव्हतं. त्या बिलावर विश्वास ठेवून मी तसाच गुहेत गेलो असतो. त्यानंतर पॅक बदलायला दुसऱ्या एका छोट्या वर्कशॉपला दिला, त्यांनी काढलेले जुने सेल पिशवीत घालून परत पाठवले, नव्या सेलची कंपनी आणि मॉडेल लिहून दिलं, आणि प्रेशर टेस्ट किती मीटरला आणि किती वेळ केली त्याची चिठ्ठी डब्याला बांधली. पैसे पहिल्यांपेक्षा जास्त घेतले आणि मी आनंदाने दिले. दुरुस्तीला देताना आता मी आधीच सांगतो, जुने पार्ट परत हवेत.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी, जुने एचआयडी (एलईडीच्या आधीचे, गॅसच्या बल्बचे) लाइट आता फार स्वस्तात मिळतात. उजेड सुंदर असतो, पण बल्ब नाजूक, आपटला की गेला, गरम असताना बंद करून लगेच परत लावायला गेलं तर लागत नाही, आणि बल्ब आणि तो चालवणारं बॅलास्ट मिळणं दिवसेंदिवस अवघड होतंय. डबा आणि कॉर्ड चांगली असेल आणि वर नवीन एलईडी हेड लावायचं असेल तर घ्या, नाहीतर नको. हेड आणि पॅकचं व्होल्टेज जुळतंय का ते आधी बघा.

माझ्या लाइटला पाचपैकी चार देईन. एक कापला तो कॉर्डसाठी, हेडपाशी वाकण्यापासून वाचवणारं रबर फारच तोकडं दिलंय, तेवढं लांब असतं तर चौथ्या वर्षी तडा गेलाच नसता. स्विच, हेड, डबा यांना सहा वर्षांत काहीही झालेलं नाही. गेल्या आठवड्यात नव्या पॅकची बर्न टेस्ट केली, ४ तास ५० मिनिटं. पुढची सहा महिन्यांनी, आकडा इथेच टाकतो.